१७.२ चा घोळ

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत एएफआर गेज, म्हणजे हवा आणि इंधन यांचा रेशो दाखवणारं मीटर, लावावं का, असं कोणी विचारलं की मी आधी हेडच्या कामाचं बिल काढून दाखवतो. मग बोलतो. त्या बिलातला एक रुपयाही किटवाल्याने दिला नाही, म्हणून हे लिहितोय. दुसऱ्या कोणाचे पैसे वाचले तर तेवढंच समाधान.

गाडी गावात झकास चालायची. संध्याकाळी शिरवळहून पुण्याला परतताना खेड शिवापूर सोडलं आणि नव्या कात्रज बोगद्याचा चढ लागला की तिचा जीव जायचा. पिकअप गायब, वरच्या गिअरला मिसिंग, गचके. बटण दाबून पेट्रोलवर घेतली की तीच गाडी तोच चढ निमूट चढायची. एवढं स्पष्ट लक्षण सांगूनही किट बसवणाऱ्या केंद्रात दर वेळी एकच कार्यक्रम: गाडी जागेवर उभी, इंजिन आयडलला, लॅपटॉपची वायर जोडलेली आणि ‘काका, सगळं हिरवं आहे बघा.’ वर पीयूसी पास असल्याचं सांगायचे. पीयूसी उभ्या गाडीची होते, इंजिनावर भार नसताना. जिने चढताना दम लागतो म्हणून गेलेल्या माणसाला पलंगावर झोपवून नाडी बघावी आणि ठणठणीत म्हणून घरी पाठवावं, तसला हा प्रकार.

शेवटी मी वाइडबँड सेन्सर आणि गेज बसवून घेतलं. पहिल्याच दिवशी चढ पेट्रोलवर चढवला. जोर दिला की आकडा १३ च्या खाली यायचा, म्हणजे भाराखाली इंजिन जसं जादा पेट्रोल घेतं तसंच. मग तोच चढ, तोच गिअर, गॅसवर. आकडा १५, १६ करत १७ च्या पुढे गेला आणि त्याच क्षणी गचका बसला. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने मोबाइलवर सगळं टिपलं. आकडा आणि गचका एकाच चित्रात! इतके दिवस मी जे घसा फोडून सांगत होतो, ते आता काचेमागे लाल आकड्यांत दिसत होतं.

व्हिडिओ घेऊन केंद्रात गेलो. मालकाने तो पाहिला, मान डोलावली आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, ‘काका, गॅसचा रेशो १७.२ असतो. तुमचं मीटर तर आमचं काम बरोबर आहे असंच सांगतंय. तुम्ही रस्ता बघून गाडी चालवता की मीटर बघून?’ लोक हसले. पोराने चहासुद्धा मागवला.

आता इथली मेख नीट समजून घ्या. सेन्सरला पेट्रोल कळत नाही आणि गॅसही कळत नाही. तो मोजतो लॅम्डा. इंधन पुरतं जळायला जेवढी हवा लागते, तेवढीच आत आली तर लॅम्डा १. गेज त्या लॅम्डाला १४.७ ने गुणून आकडा दाखवतं, कारण ते पेट्रोलच्या मापावर लावलेलं असतं. सीएनजीचा रेशो १७.२ च्या आसपास असतो हे खरंच आहे. पण गॅसचं मिश्रण बरोबर असेल तेव्हाही हे गेज १४.७ च दाखवणार. ते १७.२ दाखवतंय याचा अर्थ लॅम्डा १.१७, म्हणजे हवा सतरा टक्के जास्त. चढावर, भाराखाली, सपशेल लीन, म्हणजे इंधन कमी. हे मी त्याला कागदावर गुणाकार करून दाखवलं. तो म्हणाला, ‘थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं.’

प्रॅक्टिकल दुसऱ्या मेकॅनिकने दाखवलं. गॅसचा फिल्टर चोंदलेला होता आणि गॅसचा दाब उतरवणाऱ्या रिड्यूसरचा पडदा थकलेला. आयडलला दाब पुरायचा, जोर दिला की पडायचा. आरामात चालवताना गाडीचा स्वतःचा ऑक्सिजन सेन्सर तूट भरून काढत होता, म्हणून गावात काही जाणवायचं नाही. पूर्ण जोर दिला की इंजिन त्या सेन्सरचं ऐकत नाही, ठरलेल्या हिशोबाने इंधन सोडतं, आणि तिथेच सगळं उघडं पडायचं. तोवर एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट जळाली होती, म्हणून ते हेडचं काम. जुन्या केंद्राला फोन केला तर उत्तर आलं, ‘पण मायलेज तर मिळत होतं ना?’

असो. तुमच्या कामाचं सांगतो.

गेज घ्याल तर पाच वायरच्या वाइडबँड सेन्सरचंच घ्या. गाडीच्या मूळ साध्या सेन्सरवर जोडायचं, दिवे इकडून तिकडे पळवणारं गेज नुसतं खेळणं आहे. मिश्रण लीन की रिच एवढंच ते सांगतं, किती ते नाही.

सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसवा, टोक खाली झुकलेलं ठेवून, म्हणजे पाइपातलं पाणी त्यावर साचत नाही. त्याच्या आधी एक्झॉस्टला कुठे गळती नको, नाहीतर बाहेरची हवा आत शिरून आकडा खोटाच लीन येतो. मिसिंग होत असलं तरी न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातो आणि आकडा फुगतो. म्हणून आधी प्लग आणि कॉइल तपासा. मी तपासले होते. गेज बंद ठेवून सेन्सर तसाच पाइपात ठेवू नका, तो थंड राहतो आणि काजळीने मरतो.

सोय असेल तर गेज लॅम्डावर लावा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचंही तेच आहे. ई२० चा खरा रेशो १३.५ च्या आसपास असतो, पण गेज १४.७ च म्हणेल. लॅम्डाला सगळी इंधनं सारखी.

पाय उचलल्यावर आकडा एकदम लीनच्या टोकाला जातो. घाबरू नका, इंजिनाने तेव्हा इंधन तोडलेलं असतं.

कंपनीतून आली तशीच पेट्रोल गाडी असेल तर हा खर्च करूच नका. स्वस्त ओबीडी डोंगल लावून फ्युएल ट्रिम बघा. ती सतत अधिक वीस टक्क्यांच्या वर असेल तर काहीतरी बिनसलंय. बाहेरचं किट असेल, कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल, तर मात्र गेज रोज कामाला येतं.

बाकी नेहमीचंच: बिल जपा, वॉरंटी लेखी घ्या, गोड बोलण्यावर जाऊ नका. आणि किट बसवण्याआधी केंद्रवाल्याला एक प्रश्न विचारा: ट्यूनिंग चढावर, गाडी चालवत करणार की दुकानात उभी करून? ‘दुकानातच होतं काका’ असं उत्तर आलं तर चहा पिऊ नका, गाडी काढा.