ऑनलाइन तास स्वीकारण्यापूर्वी

नेट-सेट होऊनही तासिका तत्त्वावर अडकलेल्या प्राध्यापकांना ऑनलाइन अध्यापन खुणावतं. सत्र संपलं की काम बंद आणि मानधन कधी जमा होईल याचा भरवसा नाही. त्यापेक्षा घरून शिकवलेलं बरं, असं वाटणं साहजिक आहे. यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त विद्यापीठं पूर्ण पदवी अभ्यासक्रम ऑनलाइन चालवतात, त्यामुळे कामही आहे.

प्रस्तुत लेखिकेनं एका संस्थेसाठी वाणिज्य शाखेचे असे तास घेतले. दर चांगला होता. पण पीपीटी, प्रश्नपेढी, स्वाध्याय तपासणं, रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर शंकानिरसन हे सारं त्याच दरात धरलेलं. पुढच्या सत्रात तिला बोलावलंच नाही. नव्या तुकडीला तिचीच जुनी रेकॉर्डिंग दाखवली गेली, एक पैसाही न देता.

या बाबतीत १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचायलाच हवा. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा हक्क सहसा मालकाकडे जातो. मानधनावर स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या नोट्सचा हक्क मात्र त्यानं लेखी करारानं दिला, तरच दुसऱ्याकडे जातो. करारात मुदत नसेल, तर तो ५ वर्षांपुरताच दिला असं मानतात. रेकॉर्डिंगबाबत बोलायचं, तर याच कायद्यातल्या ‘परफॉर्मर’च्या (सादरकर्त्याच्या) व्याख्येत गायक-नटांबरोबर व्याख्यान देणाऱ्याचाही स्पष्ट उल्लेख आहे.

म्हणून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी संस्थेकडे’ ही ओळ दिसली, की सही थांबवावी. रेकॉर्डिंग याच तुकडीपुरती, पुन्हा वापरल्यास वेगळं मानधन, असा बदल मागावा.

दराचा हिशेबही आधीच करावा. तासाला १,००० रुपये, पण त्यामागे तयारी आणि तपासणीचे तीन तास असतील, तर प्रत्यक्षात तासाला २५० रुपयेच पडतात.

अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहावं. पदवी विद्यापीठाची आणि पैसे कंपनीचे, असा प्रकार असेल, तर नेमणूकपत्र आणि अनुभवाचा दाखला कोण देणार, हे विचारून घ्यावं. नोंदणी किंवा प्रशिक्षणाच्या नावाखाली आधी पैसे मागणाऱ्यांच्या वाटेला जाऊच नये. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांच्या अभ्यास केंद्रांवर समंत्रक लागतात. तिथंही चौकशी करावी.

बऱ्याच ठिकाणी सगळं फोनवरच ठरतं. अशा वेळी दर, तास, तपासणी आणि रेकॉर्डिंगच्या अटी त्याच दिवशी ईमेलनं कळवाव्यात आणि होकार आल्यावरच पहिला तास घ्यावा.