पहिलीतून थेट ‘इयर टू’?

प्रश्न : मुलीचा जन्म फेब्रुवारी २०२०चा. जून २०२६मध्ये ती पहिलीत गेली. आता आम्ही लेस्टरला जातोय. तिथे तिला ‘इयर टू’मध्ये बसवणार म्हणतात. एक वर्ष बुडेल का हो?

उत्तर : अजिबात नाही. इंग्लंडमध्ये वर्ग वयावरूनच ठरतो. १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्टदरम्यान जन्मलेली मुलं एकत्र. चार पूर्ण झाली की ‘रिसेप्शन’, मग ‘इयर वन’. आपल्याकडे पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण लागतात, म्हणून तिथला आकडा पुढचा.

लक्ष द्या ते फॉनिक्सकडे. इयर वनमध्ये ४० शब्दांची वाचनचाचणी होते आणि त्यातले २० शब्द चक्क निरर्थक असतात. पाठांतर चालत नाही, आवाज जोडूनच वाचावं लागतं. तुमच्या मुलीला ती इयर टूमध्ये द्यावी लागेल. आतापासूनच रोज थोडा सराव घ्या. मराठी वाचन मात्र सोडू नका.