राष्ट्रपती व उपराष्ट्रपती : पदावधी आणि त्याच्या मर्यादा

राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी राष्ट्रपतिपदाची कार्ये हाती घेतली. परंतु निवडणूक लढविण्यासाठी २० जुलै रोजी त्यांनी पदत्याग केला आणि दोन्ही सर्वोच्च पदे एकाच वेळी रिक्त झाली. अशा प्रसंगासाठी अनुच्छेद ७० अन्वये संसदेने मे महिन्यातच कायदा केला होता. त्यानुसार सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपतींची कार्ये पार पाडली. नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे हे विद्यार्थी पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आणि पुढे १९७९ ते १९८४ या काळात ते उपराष्ट्रपती झाले.

अनुच्छेद ५६ व ६७ अन्वये या दोन्ही पदांचा अवधी पदग्रहणापासून पाच वर्षांचा आहे. फेरनिवडीवर घटनेने मर्यादा घातलेली नाही. तरीही राष्ट्रपतिपदी दोनदा निवडून आलेले डॉ. राजेंद्र प्रसाद हे एकमेव होत. डॉ. राधाकृष्णन व हमीद अन्सारी हे उपराष्ट्रपतिपदी दोनदा निवडले गेले. अमेरिकेत याउलट, १९५१ साली संमत झालेल्या बाविसाव्या घटनादुरुस्तीने अध्यक्षपदी दोनपेक्षा अधिक वेळा निवडून येण्यास मनाई केली. तेथील अध्यक्षाचा पदावधी चार वर्षांचा असतो.

पद मुदतीपूर्वी रिक्त झाल्यास दोन्ही देशांची रीत भिन्न आहे. अमेरिकेत उपाध्यक्ष हाच उर्वरित काळासाठी अध्यक्ष होतो. भारतात उपराष्ट्रपती केवळ नवी निवड होईपर्यंत काम पाहतात. ही निवडणूक सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते व निवडून आलेल्या व्यक्तीस संपूर्ण पाच वर्षे मिळतात. उपराष्ट्रपतिपद रिक्त झाल्यास निवडणूक शक्य तितक्या लवकर घ्यावयाची असते. जुलै २०२५ मध्ये जगदीप धनखड यांनी राजीनामा दिल्यानंतर महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन सप्टेंबरमध्ये निवडून आले. त्यांचा पदावधीही पूर्ण पाच वर्षांचा आहे.

पंचायतींचा नियम मात्र वेगळा आहे. अनुच्छेद २४३-ङ नुसार मुदतीपूर्वी विसर्जित झालेल्या पंचायतीच्या जागी आलेली नवी पंचायत केवळ उर्वरित काळापुरतीच असते. जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष व उपाध्यक्षांचा अडीच वर्षांचा पदावधीही परिषदेच्या पाच वर्षांच्या चौकटीतच बसतो.

मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी, हा दंडक सर्वांना समान आहे. तथापि निवडणूक लांबल्यास काय होईल, येथे खरा भेद दिसतो. राष्ट्रपती आपला उत्तराधिकारी पद ग्रहण करीपर्यंत पदावर राहतात. पंचायत व नगरपालिका यांची मुदत मात्र पाच वर्षांपुढे एक दिवसही वाढत नाही. नागपूर महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ तिचा कारभार प्रशासकाकडे राहिला. या काळात नागरिकांना प्रभागातील प्रश्न सभागृहात मांडणारा निर्वाचित प्रतिनिधी नव्हता.

यावरून ध्यानात येईल की, पदावधीची मर्यादा सत्ताधाऱ्यास आवर घालते. परंतु वेळेवर होणाऱ्या निवडणुकीची जोड मिळाली, तरच ती लोकांच्या हाती सत्ता ठेवते. मतदार याद्या, प्रभागरचना आणि आरक्षण ही कामे मुदतीपूर्वीच पूर्ण करणे म्हणूनच अगत्याचे आहे.