कुत्र्यांतील जंत व आपले आरोग्य

महानगरपालिकेच्या २०१४ च्या गणनेत मुंबईत सुमारे ९५ हजार भटकी कुत्री आढळली. कुत्रा म्हटला की रेबीज आठवतो. जंतांचा विचार क्वचितच होतो.

पाळलेले पिल्लू निर्जंत असते हा समज चुकीचा आहे. टॉक्सोकारा हा गोलकृमी त्याला मातेच्या गर्भातच लागतो. म्हणून पहिले औषध दुसऱ्या आठवड्यातच देतात. विष्ठेतील त्याची अंडी ताजी असताना बाधक नसतात, ओलसर मातीत काही आठवड्यांनी होतात. सबब वसाहतीच्या आवारातील विष्ठा रोज उचलणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या पोटात ती गेल्यास अळी यकृतात, क्वचित डोळ्यातही पोहोचते.

भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत मटणाच्या दुकानामागे फेकलेले कच्चे यकृत व फुप्फुस अधिक घातक. त्यातील हायडॅटिड गाठींपासून कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो. याची अंडी मात्र बाहेर पडताच बाधक असतात. माणसाच्या यकृतात गाठ वर्षानुवर्षे मुकाट वाढते आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून इलाज उरत नाही. कुत्र्याला द्यावयाच्या प्राझिक्वांटेलच्या गोळीची किंमत त्या खर्चापुढे नगण्य आहे. मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी.