घटक ४ : अध्यापन व युवाकार्यासाठी मुख्य आणि गौण विषयांची निवड

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला मुख्य व गौण विषयांचा शिक्षकी पेशाशी आणि युवाकार्याशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल, शिक्षक पात्रतेच्या अटी लक्षात घेऊन विषयांचा विचार करता येईल, आणि आपल्या परिसरातील मुलांची बोली समोर ठेवून स्वतःसाठी योग्य गौण विषय ठरवता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, नरडाणा स्थानकातून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसले की बेटावद मागे टाकून गाडी अमळनेरला पोहोचते. याच अमळनेरात १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने नावाचा एक तरुण शिक्षक म्हणून रुजू झाला. पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून त्याने मराठी आणि संस्कृत घेऊन बी.ए. केले होते. नंतर तत्त्वज्ञान अभ्यासले, आणि त्या विषयासाठीच तो अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आला होता. आज प्रताप हायस्कूल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाळेत त्याने १९३० पर्यंत अध्यापन केले आणि वसतिगृहातील मुलांची जबाबदारीही सांभाळली. 'विद्यार्थी' हे मासिकही काढले. साने गुरुजी म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो ते या सहा वर्षांत घडले.

आजच्या परिभाषेत मांडायचे तर भाषा हा त्यांचा मुख्य विषय, तत्त्वज्ञान हा जोडीचा विषय आणि वसतिगृह हे त्यांचे क्षेत्रकार्य. गुरुजींनी अशी आखणी करून विषय निवडले होते असे येथे सुचवायचे नाही. परंतु मराठीचा पदवीधर केवळ मराठीच्या बळावर मुलांपर्यंत पोहोचत नाही, त्याला आणखी एका विषयाची जोड लागते, ही गोष्ट त्यांच्या उदाहरणावरून ध्यानात यावी. ती जोड कोणती असावी, हा या घटकाचा प्रश्न आहे.

४.३ 'गौण' या शब्दाविषयी

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीसाठी जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक आहेत. त्यांपैकी ६० मुख्य विषयाचे, म्हणजे मेजरचे, आणि २४ गौण विषयाचे, म्हणजे मायनरचे. प्रत्यक्ष वाटणी विद्यापीठागणिक बदलते, म्हणून आपल्या माहितीपुस्तिकेतील तक्ता प्रमाण मानावा. ज्यांनी जुन्या पद्धतीचे 'स्पेशल मराठी' ऐकले आहे, त्यांना या रचनेतील मुख्य विषय ओळखीचा वाटेल. नवे आहे ते गौण विषयाला मिळालेले निश्चित स्थान.

'गौण' हा शब्द मात्र फसवा आहे. मूळ संस्कृतात 'गुण' या शब्दापासून तो झाला, आणि व्यवहारात त्याचा अर्थ 'कमी महत्त्वाचा' असा रूढ झाला. महसूल खात्याच्या भाषेत वाळू आणि मुरूम हीदेखील 'गौण खनिजे' होत. त्या गौण खनिजांची किंमत तापीकाठच्या माणसाला नव्याने सांगायला नको! गौण विषयाचेही तसेच आहे. मुख्य विषय आपण काय शिकवणार हे ठरवतो, तर आपल्याला कोणापुढे आणि किती दूरवर उभे राहता येईल, हे बऱ्याचदा गौण विषयावरून ठरते.

४.४ पात्रतेचे गणित

येथे प्रथम स्वतःची एक चूक नोंदवतो. महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षा २०१३ साली सुरू झाली. त्यानंतरही काही वर्षे मी मराठीच्या हुशार विद्यार्थ्यांना सांगत असे, "साहित्यात मन रमते ना, मग दुसरा विषयही भाषेचाच घ्या." त्यांपैकी एका विद्यार्थिनीने माझे शब्दशः ऐकले. पदवीला तिला उत्तम गुण मिळाले, परंतु पात्रता परीक्षेत ती दोनदा अडली. अडली ती मराठीत नव्हे, सामाजिक शास्त्रांत.

कारण साधे होते, आणि ते मला ठाऊक असायला हवे होते. सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठी असलेला दुसरा पेपर १५० गुणांचा असतो. त्यात बालमानसशास्त्राला ३० आणि दोन भाषांना प्रत्येकी ३० गुण असतात. उरलेले ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांना असतात. भाषाशिक्षकालाही या दोहोंतून एक गट निवडावाच लागतो. अर्थात मराठीच्या पदवीधराच्या हाती मराठीचे तीस गुण आहेत, आणि त्याच्या दुप्पट गुण अशा विषयांना आहेत ज्यांना त्याने दहावीनंतर कदाचित हातही लावलेला नाही. बी.एड.लाही ज्या शालेय विषयांची अध्यापनपद्धती घ्यायची, ते विषय सामान्यतः पदवीला असावे लागतात. म्हणून ज्यांना उच्च प्राथमिक किंवा माध्यमिक शाळेत जायचे आहे, त्यांनी इतिहास वा भूगोल हा गौण विषय घ्यावा, असे माझे आता स्पष्ट मत आहे. मानसशास्त्राची आवड असेल तर ती खुल्या निवडीच्या पेपरातून भागवता येते.

आणखी दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात, कारण यांतही अनेकांची वर्षे वाया जातात. पहिली ते पाचवीला शिकवायचे असेल तर बी.एड. चालत नाही, डी.एल.एड.सारखी प्राथमिक स्तराची पदविका लागते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे. दुसरे असे की, बी.ए. मुक्त विद्यापीठातून घरबसल्या झाले म्हणून बी.एड.ही तसेच होईल, असे समजू नये. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार दूरशिक्षणातील बी.एड. हे सेवेतील प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी, किंवा ज्यांनी आधी नियमित पद्धतीने शिक्षक-शिक्षणक्रम पूर्ण केला आहे त्यांच्यासाठी आहे. इतरांना दोन वर्षे नियमित वर्गात बसावे लागते. आपल्यापैकी जे औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतात किंवा ज्यांच्यावर वावराची जबाबदारी आहे, त्यांनी हा हिशेब पहिल्याच वर्षी घरच्यांसमोर मांडावा.

४.५ मुलांची भाषा आणि आपला विषय

परीक्षेचे गणित येथवर. वर्गातील गणित वेगळे आहे, आणि माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे.

असे समजा की, नरडाण्याच्या परिसरातील एका शाळेत दुसरीच्या मुलाने पाटीवर तीन वाक्ये लिहिली : 'आई घरमा आहे. ताई शाळामा आहे. पुस्तक पिशवीमा आहे.' शिक्षकाने तीन ठिकाणी फुल्या मारल्या आणि मूल हिरमुसले. आता हीच पाटी भाषाविज्ञानाच्या दृष्टीने पाहा. मुलाने एकही चूक बेशिस्तपणे केलेली नाही. त्याच्या अहिराणीत अधिकरणाचा प्रत्यय 'मा' आहे, आणि तो लावताना नामाचे रूप बदलत नाही. घर-घरमा, शाळा-शाळामा, पिशवी-पिशवीमा, असा तो एकच नियम सर्वत्र चालतो. प्रमाण मराठीत मात्र प्रत्ययापूर्वी सामान्यरूप करावे लागते. 'घर' चे 'घरा' होते, 'शाळा' चे 'शाळे' होते आणि 'पिशवी' तशीच राहते. म्हणजे मुलाला 'मा' च्या जागी 'त' घालायचे आहे एवढेच नव्हे, तर त्याच्या घरी नसलेली एक संपूर्ण व्यवस्था शिकायची आहे. तीन फुल्यांतून त्याला ती कळणार नाही. 'मला' ऐवजी 'माले', 'माझा' ऐवजी 'मना' आणि 'आहे' ऐवजी 'शे', ही रूपेही अशीच नियमबद्ध आहेत.

ग्रियर्सनने आपल्या भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशीची चर्चा मराठीच्या खंडात केली नाही, ती १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली भाषांसोबत केली. त्याच्या वर्गीकरणावर वाद आहेत आणि त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु ज्या बोलीची जागा अभ्यासकांना सहज ठरवता येत नाही, तिला 'अशुद्ध मराठी' म्हणून फटकारणे किती उथळ आहे, एवढे यावरून समजावे. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी बोलणारे मूल तर मराठीपासून याहूनही दूर उभे असते. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. 'शक्य तेथवर' ही पळवाट ठरू नये, यासाठी ती भाषा ओळखणारा शिक्षक वर्गात असावा लागतो.

म्हणून मुख्य विषय मराठी घेणाऱ्यांनी भाषाविज्ञानाची पत्रिका केवळ गुण मिळतात म्हणून उरकू नये. ललित साहित्याच्या दहा पुस्तकांनी जे होत नाही, ते मुलाच्या एका पाटीचे नीट विश्लेषण केल्याने होते. (साहित्य शिकवणारे माझे सहकारी यावर नाराज होतात, याची मला कल्पना आहे.)

४.६ युवाकार्याकडे वळणाऱ्यांसाठी

शाळेबाहेर तरुणांमध्ये काम करू इच्छिणाऱ्यांवर पात्रता परीक्षेचे बंधन नाही, त्यामुळे त्यांची निवड अधिक मोकळी आहे. त्यांना मी समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्र सुचवतो. मानसशास्त्र उपयोगी आहेच. परंतु कंत्राटी कामावर लागलेल्या, लग्न जमत नाही म्हणून खंतावलेल्या विशीतील तरुणाची अडचण केवळ त्याच्या मनात नसते, ती शेतीच्या तुकड्यांत आणि रोजगारातही असते. शिवाय गावात अभ्यासिका काढायची तर ग्रामपंचायतीकडून खोली मिळवावी लागते. ग्रामसभेत ठराव कसा मांडतात, हे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने सांगायचे नाही तर कोणी?

नियमित महाविद्यालयांत २४ सप्टेंबर १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे. तिच्यात वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर असते. आपल्यापैकी अनेकांना ही संधी मिळणार नाही. परंतु गावातील वाचनालय, कबड्डीचा संघ आणि गणेशोत्सव मंडळ हे आपल्यासाठी क्षेत्रकार्यच आहे, फक्त त्याची वही ठेवावी. येथेही भाषेचा मुख्य विषय उपयोगी पडतो. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या 'श्यामची आई' मध्ये प्रकरणांऐवजी बेचाळीस रात्री आहेत. आश्रमात प्रार्थनेनंतर मंडळी जमतात आणि श्याम बोलू लागतो. साहित्याचा विद्यार्थी याला निवेदनतंत्र म्हणेल. युवाकार्यकर्त्याने यात दिवसभराच्या कामानंतर मुले एकत्र कशी बसतात आणि एका बैठकीत किती ऐकतात, हे पाहावे.

४.७ स्वाध्याय

१. आपल्या माहितीपुस्तिकेतील गौण विषयांची यादी वाचा. त्यांपैकी कोणते विषय शाळेत शिकवले जातात, ते वेगळे काढा आणि त्यांतील एकाची निवड आपण का कराल किंवा का करणार नाही, ते दहा ओळींत लिहा.

२. आपल्या गल्लीतील सहा ते आठ वर्षांच्या मुलाशी त्याच्या बोलीत पंधरा मिनिटे गप्पा मारा. त्याची दहा वाक्ये जशीच्या तशी टिपून घ्या, सुधारू नका. त्यांतील प्रत्यय वेगळे करा आणि ते कोणत्या नियमाने येतात ते शोधा. ही वही पुढील संपर्क सत्राला सोबत आणावी.