पंखा चालावा, शेजारही झोपावा

वाचकहो, आज आपण एका पंख्याची गोष्ट वाचू. गोष्ट साधी आहे. पण तिच्यामुळे दोन घरांचे बोलणे बंद होण्याची वेळ आली होती.

पिंपळनेरच्या एका आळीत माझा पुतण्या राहतो. त्याची शेती थोडी. पावसाची खात्री नाही. म्हणून त्याने घरामागच्या खोलीत धिंगरी लावली. धिंगरी ही अळंबीची एक जात आहे. गव्हाचे काड किंवा सोयाबीनचा भुसा भिजवायचा. गरम पाण्याने शुद्ध करायचा. त्यात बी मिसळून पिशव्या भरायच्या. त्या पिशव्या खोलीत टांगायच्या. हिला शेत लागत नाही. कडक ऊन तर नकोच. ओल आणि ताजी हवा मात्र हवीच.

ताज्या हवेसाठी पुतण्याने खिडकीत एक पंखा बसवला. आतली हवा बाहेर फेकणारा हा पंखा. दुकानात त्याला एक्झॉस्ट पंखा म्हणतात. खिडकीला पत्रा ठोकला, पत्र्याला भोक पाडले आणि पंखा घट्ट आवळला. बटण दाबले. खोलीभर घरघर झाली.

दिवसा कोणी काही बोलले नाही. रात्री गाव निजले. इतर आवाज थांबले. मग ती घरघर भिंतीपलीकडे पोचली. शेजारी एक म्हातारी आजी होती. तिची नात दहावीला होती. परीक्षा महिन्यावर आलेली. चार दिवसांनी आजी माझ्या ओट्यावर आली आणि म्हणाली, “गुरुजी, हाऊ पंखा शे का पिठनी गिरणी शे?”

पुतण्या समजूतदार. त्याने त्या रात्रीपासून पंखा बंद ठेवला. पण तीन-चार दिवसांत दुसरेच संकट आले. धिंगरीचे देठ लांबच लांब झाले. वरची छत्री बटणाएवढीच राहिली. असा माल बाजारात कोण घेणार?

हवा का लागते?

अळंबी आपल्यासारखाच श्वास घेते. ती प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. खोली बंद असली की हा वायू साठतो. मग देठ लांबतात, छत्री वाढत नाही. शिवाय पिकलेल्या छत्रीतून बारीक भुकटी उडते. ती बीजाणूंची भुकटी. ती नाकात गेली तर खोकला व दमा होऊ शकतो. म्हणून खोलीत जाताना नाकाला फडके बांधावे. आणि हवा खेळती ठेवावी.

तेव्हा पंखा बंद करणे हा उपाय नव्हे. आवाज कमी करणे हा उपाय.

आवाज येतो कुठून?

पुतण्याने आधी काय केले? अंड्यांचे रिकामे ट्रे आणून भिंतीवर चिकटवले. कोणीतरी त्याला तसे सांगितले होते. आवाज तेवढाच राहिला. हलक्या वस्तूने आवाज अडत नाही. थर्माकोलनेही अडत नाही, आणि तो पेटतो लवकर. हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे झाले.

मी म्हणालो, “बाळा, आधी दुखणे शोधू. मग औषध.” आम्ही तीन गोष्टी करून पाहिल्या.

पहिली गोष्ट. पंखा चालू असता भिंतीला व पत्र्याला हात लावला. पत्रा थरथरत होता. म्हणजे पंख्याची थरथर पत्र्यात उतरत होती. पत्रा ढोलासारखा वाजत होता.

दुसरी गोष्ट. पंखा चालू असता खोलीचे दार क्षणभर उघडले. आवाज एकदम मऊ झाला. म्हणजे पंख्याला आत हवा कमी पडत होती. हवा आत यायची जाळी धुळीने बुजली होती.

तिसरी गोष्ट. पंखा बंद केला आणि पाती थांबेपर्यंत कान दिला. बटण बंद होताच गुणगुण थांबली, तर ती मोटारीच्या विजेची. पाती थांबेपर्यंत खरखर ऐकू आली, तर बेअरिंग झिजले असे समजावे. आमच्या पंख्यात खरखर नव्हती. बेअरिंग चांगले होते.

उपाय : स्वस्तापासून महागाकडे

१. साफसफाई. आधी पिन काढून वीज तोडावी. मगच हात लावावा. पात्यांवर कमीजास्त धूळ बसली की तोल जातो. तोल गेला की पंखा थरथरतो. पाती ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. हवा आत येण्याची जाळी धुवावी. ही वाट पंख्याच्या तोंडाहून लहान नसावी. ती पंख्याच्या समोरच्या भिंतीत, खालच्या अंगाला असावी.

२. रबर. पत्रा काढून तेथे जाड लाकडी चौकट बसवली. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापले. पंखा आणि चौकट यांच्यामध्ये ते ठेवले. बोल्टच्या डोक्याखालीही रबराची चकती घातली. बोल्ट बसेल एवढाच आवळला. रबर पार चेपले गेले तर त्याचा उपयोग नाही. एवढे केल्यावर पत्र्याचा ढोल थांबला.

३. वेग. पंखा जितका वेगाने फिरतो, तितका ओरडतो. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. डेसिबल हे आवाजाचे माप आहे. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो. म्हणून लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवावा. पुतण्याचा पंखा ३० सेंटिमीटरचा होता. तो मिनिटाला १४०० फेरे घेई. त्याने तो बदलून ३८ सेंटिमीटरचा, ९०० फेऱ्यांचा घेतला. रात्री तो आणखी हळू चालवतो. वेग कमी करणारे बटण मात्र त्या मोटारीला चालते का, हे वायरमनला विचारावे. चुकीच्या बटणाने मोटार गुणगुणते आणि तापते.

४. वाकडी पेटी. हा मोठा उपाय. जेथून पंखा दिसतो, तेथे त्याचा आवाज सरळ जातो. म्हणून बाहेरच्या बाजूला जाड फळ्यांची एक पेटी करावी. ती काटकोनात वळलेली असावी. हवा वळून जाते. आवाज भिंतीवर आपटतो आणि आतल्या मऊ अस्तरात जिरतो. अस्तराला रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, वापरावी. ती कापडाने व जाळीने झाकावी. लावताना नाक व हात झाकावेत. पेटीची वाट पंख्याच्या तोंडाच्या दीडपट ठेवावी. नाहीतर हवा अडून आवाज वाढेल. पेटीचे तोंड शेजाऱ्याकडे नको, आपल्या परसाकडे करावे.

जुनी गोधडी किंवा पोती मात्र आत लावू नये. ती पेट घेतात. ओलीने त्यांना बुरशी येते. हिरवी बुरशी एकदा पिशव्यांत शिरली की पीक गेलेच.

५. वेळ. सारी रात्र पंखा पूर्ण वेगाने लागत नाही. ठरावीक वेळाने चालू-बंद करणारे घड्याळ मिळते. ते लावावे. रात्री थोडा थोडा वेळ, हळू वेगात पंखा चालवावा. देठ लांबू लागले तर वेळ वाढवावी.

एक सूचना. धिंगरीच्या खोलीत फार ओल असते. वायर उघडी नसावी. अर्थिंग असावेच. वीज गळली तर आपोआप तोडणारे यंत्र बसवावे.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. मोबाईलवरही आवाज मोजता येतो. ते माप अगदी बिनचूक नसते. पण एकाच जागी उभे राहून आधी आणि नंतर मोजले, तर फरक कळतो. आम्ही आजीच्या खाटेजवळ उभे राहून मोजले. आधी पंखा चालू केला की आकडा चढे. पेटी बसवल्यावर पंखा चालू आणि बंद यांत फरकच दिसेना.

पण आमची खरी परीक्षक आजीच होती. पुतण्या स्वतः तिच्याकडे गेला आणि म्हणाला, “आजी, आज रात्री पंखा चालू ठेवतो. त्रास झाला तर भिंतीवर काठी आपटा.” आम्ही बराच वेळ जागे राहिलो. काठी वाजली नाही. सकाळी आजीनेच विचारले, “का रे, रात्री पंखा लावलाच नाहीस का?”

त्या तोड्याची धिंगरी चांगली रुंद छत्रीची आली. पहिली पाटी पुतण्याने बाजारात नेली नाही. ती शेजारच्या घरी दिली. मुलगी रात्री अभ्यासाला बसू लागली.

धंदा आपल्या घरात असला, तरी त्याचा आवाज दुसऱ्याच्या घरात जातो. तक्रार आली की रागावू नये. पंख्याचे काय बिघडले आहे, ते तक्रारच सांगत असते. अळंबीची अधिक माहिती धुळ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही अळंबीवर संशोधन चालते.

सांगा पाहू

१. पंखा बंद ठेवल्यावर धिंगरीचे देठ का लांबले?
२. दार उघडताच आवाज मऊ झाला. यावरून काय कळले?
३. अंड्यांचे ट्रे लावून आवाज का कमी झाला नाही?
४. पेटी सरळ न करता वाकडी का केली?

करून पाहा

तुमच्या घरी किंवा पिठाच्या गिरणीत आवाज करणारे एखादे यंत्र असेल. ते चालू असता भिंतीला हात लावा. थरथर लागते का? त्याखाली रबर आहे का? पाहा आणि चार ओळी वहीत लिहा.