गोळी घेतली, कॅल्शियम कुठे गेले?

सावरगावातील व्यवसायाच्या आरंभीच्या काळात माझ्या हातून घडलेली एक चूक या स्मरणिकेच्या निमित्ताने नमूद करतो. कंबर व मांड्या दुखतात, पाटावरून उठवत नाही, अशी तक्रार घेऊन एका सासूबाईंकडचे बोलावणे येई. मी त्यांना सहा महिने कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. गुण आला नाही. घरात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, क्वचित ताक. सूनही तेच जेवत असे; पण दिवसभर कापूस वेचूनही तिची काही तक्रार नव्हती. सासूबाईंनी तीन वर्षांत उंबरठा ओलांडला नव्हता, हे मी विचारलेच नाही.

आहारातील कॅल्शियम आतड्यात पोहोचले म्हणजे रक्तात आले असे नव्हे. उन्हाने त्वचेत तयार झालेले ड जीवनसत्त्व यकृत व मूत्रपिंड यांतून जाऊन कॅल्सिट्रायॉल बनते. ते आद्यांत्राच्या पेशींत विशिष्ट प्रथिने निर्माण करविते: एक कॅल्शियमला पेशीत प्रवेश देते, कॅल्बिन्डिन ते पलीकडच्या कडेला नेते, तिसरे रक्तात सोडते. पुरेसे ‘ड’ असल्यास सुमारे ३० ते ४० टक्के कॅल्शियम शोषले जाते. नसल्यास जेमतेम १० ते १५ टक्के. मग परावटू ग्रंथी हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातील पातळी सांभाळतात. म्हणूनच रक्तातील कॅल्शियमचा अहवाल प्राकृत येऊनही अस्थिमार्दव असू शकते. सासूबाईंचा तसाच आला होता. अल्कलाइन फॉस्फेटेज मात्र बरेच वाढलेले होते.

हे काही नवे नव्हते. १९२०च्या दशकाच्या आरंभी हचिसन यांनी नाशिक येथे मुडदुसाचा अभ्यास केला, तेव्हा पडद्यात वाढणारी सधन घरची बालके आजारी आढळली. निकृष्ट आहारावरची, पण उघड्यावर वाढणारी गरिबांची बालके बहुधा वाचली होती. मी हे वाचले होते, तरीही विसरलो!

‘ड’ सुरू केल्यावर काही महिन्यांत सासूबाई आधाराविना उठू लागल्या. आता दुपारच्या आधी त्या अंगणात बसतात. काचेच्या खिडकीआडचे ऊन उपयोगी नाही, हे त्यांना सांगावे लागले. आपल्या भागातील संत्र्यांत ‘ड’ नसते, हेही. मात्र ६०,००० युनिटची आठवड्याची पुडी कोणी रोज घेऊ नये. त्याने रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या होतात व मूत्रपिंडास इजा पोहोचते. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ असे मी आता मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहितो.